फ्रान्समध्ये जुन्या वळणाचं अस्सल रेस्टॉरंट कसं शोधावं

फ्रान्सला निघालेल्यांची एक ठाम समजूत असते की तिथे कुठेही बसलं तरी जेवण उत्तमच मिळणार. तसं नाही. आयफेल टॉवरच्या आसपास, मोंमार्त्रच्या चौकात किंवा नीसच्या समुद्रकाठी जे पहिलं हॉटेल दिसेल त्यात शिरलात, तर कारखान्यातून पाकिटात आलेलं कांद्याचं सूप गरम करून समोर येऊ शकतं, तेही भरपूर पैसे घेऊन. चार गल्ल्या आत मात्र एखादी आजी, नाहीतर तिचा नातू, सकाळी बाजारातून आणलेल्या भाजीमांसाचं जेवण रांधत असतो. तिथवर पोचायचं कसं, त्यासाठी हा लेख.

फ्रेंच जेवणाच्या रिवाजाला युनेस्कोने 2010 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तो मान पदार्थांना नसून एकत्र बसून, क्रमाने, सावकाश जेवण्याच्या पद्धतीला आहे. म्हणून शोधायची ती ही पद्धत अजून रोजच्या व्यवहारात पाळणारी जागा. माझं मत विचाराल तर रेस्टॉरंटचं नाव सगळ्यात शेवटी ठरवावं. आधी प्रदेश, मग वार आणि वेळ, मग गल्ली. एवढं जमलं की नाव आपोआप हाती लागतं.

प्रदेश आधी

'फ्रेंच जेवण' असं एकच एक काही नाही. नॉर्मंडीत साय, सफरचंद आणि कामांबेर चीज. ब्रिटनीत कुट्टूच्या पिठाचे गालेत, म्हणजे पातळ धिरडी, आणि सोबत सिद्र हे सफरचंदाचं आंबवलेलं पेय. बर्गंडीत रेड वाइनमध्ये शिजवलेलं मांस आणि गोगलगाई. अल्सासमध्ये आंबवलेल्या कोबीची शुक्रूत. तुलूझ, कार्कासोन, कास्तेलनोदारी या पट्ट्यात पांढऱ्या घेवड्याचा आणि मांसाचा कासुले. सावोआच्या डोंगरात वितळवलेलं चीज. ज्या गावी जाल त्या गावाचा पदार्थ तिथेच खावा. पॅरिसमध्ये बसून मार्सेची बुइयाबेस, म्हणजे तिथला माशांचा रस्सा, मागवणं म्हणजे चांगल्या पैशांत मध्यम जेवण.

प्रवास ठरला की प्रत्येक मुक्कामापुढे दोन-तीन पदार्थांची नावं लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या शोधात तीच उपयोगी पडतात. शिवाय ऋतूकडे लक्ष ठेवा. एप्रिल-मेमध्ये शतावरीचे कोंब, उन्हाळ्याअखेरीपासून शिंपले, पावसाळी शरदात सेप नावाची अळंबी आणि शिकारीचं मांस, डिसेंबर ते फेब्रुवारी काळं त्र्युफ, म्हणजे जमिनीखाली वाढणारी अळंबी. जानेवारीत टोमॅटो-मोझरेलाचं सॅलड मिरवणारं रेस्टॉरंट बाजाराकडे पाहून स्वयंपाक करत नाही, हे तेवढ्यावरूनच कळतं.

काही शहरांनी स्वतःच्या पदार्थांसाठी नियम घालून घेतले आहेत. मार्सेतल्या रेस्टॉरंटवाल्यांनी 1980 मध्ये बुइयाबेसची सनद केली: कोणते मासे चालतील, रस्सा आणि मासे वेगळे वाढायचे, मासे गिऱ्हाईकासमोर कापायचे. स्वस्तात मिळणारी बुइयाबेस ही त्यामुळे नावापुरतीच बुइयाबेस असते. नीसमध्ये 'क्विझीन निसार्द', म्हणजे नीसची पाककला, हे लेबल दारावर शोधावं.

दारावर काय लिहिलंय ते वाचा

फ्रान्समध्ये जेवणाच्या जागांचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाकडून वेगळी अपेक्षा ठेवावी लागते. बिस्त्रो म्हणजे लहानशी, घरगुती, थोडेच पदार्थ करणारी जागा. ब्रासरी मोठी, आरशा-पितळेची, दिवसभर उघडी. पॅरिसच्या बऱ्याच जुन्या ब्रासरींचं मूळ अल्सासमध्ये आहे. 1870-71 च्या युद्धानंतर अल्सास जर्मनीकडे गेलं तेव्हा तिथली पुष्कळ माणसं पॅरिसला आली आणि त्यांच्याबरोबर बिअर आणि शुक्रूतही आली. बास्तीयजवळची बोफिंजे त्याही आधीची, 1864 ची.

पॅरिसमध्ये खिशाला परवडणारं आणि तरीही खरंखुरं जुनं काही हवं असेल तर बुइयों शोधा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर द्युव्हाल नावाच्या खाटकाने बाजारातल्या कष्टकऱ्यांना मांसाचा गरम रस्सा आणि मांस स्वस्तात द्यायला सुरुवात केली, तिथून ही परंपरा आली. फोबूर मोंमार्त्र रस्त्यावरचं बुइयों शार्तिए 1896 पासून चालू आहे आणि 1989 पासून त्या इमारतीला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा आहे. काळ्या जाकिटातला वेटर तुमची ऑर्डर टेबलावर अंथरलेल्या कागदावरच लिहितो आणि जेवण झाल्यावर त्याच कागदावर बेरीज मांडतो. भिंतीला लाकडाचे क्रमांक घातलेले छोटे खण दिसतात. रोजचे गिऱ्हाईक आपला रुमाल त्यांत ठेवून जात. अंडं-मेयोनीज, व्हिनेग्रेतमधले लीक, किसलेल्या सेलरी-कंदाचं रेमुलाद अशा साध्या सुरुवाती इथे अगदी थोडक्या युरोंत मिळतात. रांग लावावी लागते, पण ती भराभर सरकते. 2017 मध्ये पिगालला आणि 2021 मध्ये रेप्युब्लिकला नवी बुइयों उघडली, तीही त्याच वळणाची. पाककलेची कमाल इथे शोधू नये. शहराने शंभर-सव्वाशे वर्षं रोज काय खाल्लं ते इथे खायला मिळतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

पॅरिसबाहेर नावं बदलतात. अल्सासमध्ये विन्श्टूब म्हणजे लाकडी तक्तपोशीची, वाइनसोबत घरचं जेवण देणारी खोली. उत्तरेला लील आणि फ्लांडर्सच्या बाजूला एस्तामिने, जिथे बिअरमध्ये शिजवलेलं मांस मिळतं. ब्रिटनीत क्रेपरी, म्हणजे गालेत आणि क्रेप या धिरड्यांची खानावळ. वोज पर्वतात फेर्म-ओबेर्ज, म्हणजे शेतकऱ्याच्याच घरची खानावळ. तिथे ताटातला बराचसा माल त्याच शेतातला असतो आणि मुन्स्टर चीज बाहेर चरणाऱ्या गायींच्या दुधाचं. गाडी घेऊन फिरत असाल तर हायवेवर 'रुतिए' असा लाल-निळा गोल दिसला की थांबा. ट्रकचालकांसाठी 1934 पासून चालत आलेली ही साखळी आहे, दुपारचं जेवण पोटभर आणि माफक दरात.

वार आणि वेळ

बहुतेकांचा बेत इथेच फसतो. पारंपरिक फ्रेंच स्वयंपाकघर दुपारी साधारण बारा ते दोन आणि संध्याकाळी सात-साडेसात ते साडेनऊ-दहा एवढंच चालू असतं. दुपारी अडीचला पोचलात तर नम्रपणे नकार मिळेल. दिवसभर जेवण देणाऱ्या जागांवर 'सेर्विस कोंतिन्यू' लिहिलेलं असतं. त्या बहुधा ब्रासरी असतात, नाहीतर पर्यटकांसाठीच्या जागा. लहान मुलं किंवा पथ्यपाण्याची वडीलधारी माणसं बरोबर असतील तर ब्रासरी हा उत्तम मार्ग.

रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी निम्मं गाव बंद असतं. ऑगस्टमध्ये मालक स्वतः सुट्टीवर जातात, त्यामुळे पॅरिस आणि ल्योंमधल्या चांगल्या जागा दोन-तीन आठवडे कुलूपबंद असतात. तेव्हा रविवारी रात्री आणि सोमवारी कुठे जेवायचं ते आधी ठरवून ठेवा. बुइयों, ब्रासरी, नाहीतर बाजारातून आणलेलं चीज, ब्रेड आणि फळं.

आता या लेखातला सर्वांत कामाचा सल्ला: मुख्य जेवण कामाच्या दिवशी दुपारी घ्या. मंगळवार ते शुक्रवार दुपारी आसपासच्या कचेऱ्यांतली, दुकानांतली माणसं जेवायला येतात. तीच माणसं उद्याही येणार असतात, म्हणून स्वयंपाक्याला त्यांना फसवून चालत नाही. संध्याकाळी चाळीस युरोंना पडणारं जेवण त्याच हातचं दुपारी साधारण सोळा ते पंचवीस युरोंत मिळू शकतं. आपल्याकडून ग्रुप टूरने गेलेल्यांना तर हे फारच सोयीचं. टूरवाले रात्री बहुधा भारतीय जेवणाची सोय करतात आणि मोकळी दुपार हाती असते. ती सँडविचवर घालवू नका.

घरबसल्या शोध

नकाशाच्या अॅपमध्ये 'बेस्ट फ्रेंच रेस्टॉरंट' असं टाकलंत तर तुमच्यासारख्याच पर्यटकांनी गाजवलेली यादी येते. त्याऐवजी लिहून ठेवलेल्या पदार्थाचं फ्रेंच नाव आणि गावाचं नाव टाका. मग अभिप्राय 'नवीन आधी' लावा आणि ते कोणत्या भाषेत आहेत ते पाहा. बहुतेक फ्रेंचमध्ये असतील तर तिथे गावची माणसं जेवतात. भाषांतर करून वाचा. 'दुपारी नेहमी येतो', 'आजच्या पदार्थात' अशी वाक्यं आली की ती जागा खूण करून ठेवा.

यापेक्षाही उपयोगी म्हणजे लोकांनी टाकलेले फोटो. त्यांत पाटीचे, म्हणजे खडूने लिहिलेल्या आर्द्वाजचे फोटो शोधा. वेगवेगळ्या महिन्यांतल्या तीन फोटोंमध्ये तीन वेगळ्या याद्या असतील तर स्वयंपाकघर जिवंत आहे. दोन वर्षांपूर्वीचीच यादी आजही असेल तर पुढचं नाव पाहा. हे काम बसल्या जागी दहा मिनिटांत होतं.

सरकारी आणि मानाच्या खुणाही आहेत. 'मेत्र रेस्तोरातर' ही पदवी 2007 पासून सरकारतर्फे मिळते, ती बाहेरच्या तपासणीनंतर, आणि ताज्या कच्च्या मालातून तिथेच स्वयंपाक करणाऱ्यालाच. दाराशी तिची पाटी असते. 2014 पासून 'फे मेझों', म्हणजे 'इथे घरी केलेलं', असं चिन्ह यादीत दिसतं: कढईवर घराचं छप्पर. पण हे चिन्ह जरा समजून घ्यावं. कच्च्या मालापासून जागेवर शिजवलेला पदार्थ एवढीच अट आहे, गोठवलेला कच्चा माल चालतो, सोलून-चिरून आलेल्या भाज्याही चालतात. बटाटा मात्र तिथेच सोलावा लागतो. मिशलें (मिशेलिन) या रेस्टॉरंट-गाइडचे तारे असलेल्या महागड्या जागा या लेखाचा विषय नाहीत, पण त्याच गाइडमधलं 'बिब गुर्मां' हे 1997 पासूनचं चिन्ह माफक दरात चांगलं जेवण देणाऱ्यांसाठी आहे. ती यादी चाळून घ्या.

गावात पोचल्यावर माणसांना विचारा, मात्र प्रश्न नीट विचारा. 'इथे चांगलं रेस्टॉरंट कुठे?' असं विचारलं की समोरचा पर्यटकाला शोभेल असं उत्तर देतो. 'तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता?' असं विचारलं की खरं नाव मिळतं. चीजवाला, वाइनचं दुकान चालवणारा आणि बाजारातली भाजीवाली, ही तीन माणसं मी आधी विचारीन. कोणत्या स्वयंपाक्याने सकाळी काय उचललं, ते त्यांनी पाहिलेलं असतं.

दाराबाहेरची पाच मिनिटं

फ्रान्समध्ये खाद्यपदार्थांची यादी आणि दर बाहेर लावणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे आत न जाता सगळं वाचता येतं. त्याचा पुरेपूर उपयोग करा.

यादी लहान हवी. चार-पाच सुरुवाती, चार-पाच मुख्य पदार्थ, तेवढीच गोडं. एका छोट्या खोलीतल्या स्वयंपाकघरातून चाळीस पदार्थ निघत असतील तर ते फ्रीझरमधून निघतात. सहा भाषांत छापलेली, फोटो चिकटवलेली, प्लास्टिकमध्ये मढवलेली यादी दिसली की पुढे चला. त्याच यादीत पिझ्झा, बर्गर, कासुले आणि क्रेप एकत्र नांदत असतील तर आणखी लवकर चला. दारात उभं राहून 'या, या' म्हणणारा माणूस ज्या जागेला लागतो तिथे गावचे लोक येत नाहीत.

दाराच्या काचेवर खालच्या कोपऱ्यात बारीक स्टिकर असतात, तिकडे सहसा कुणी पाहत नाही. तिकीत रेस्तोरां किंवा तत्सम जेवणाच्या कुपनांचे ते स्टिकर असतात. फ्रान्समध्ये नोकरदारांना कंपनीकडून ही कुपनं मिळतात, म्हणून ती स्वीकारणाऱ्या जागी आसपासचे नोकरदार जेवतात असं समजावं.

मग साडेबाराला पुन्हा एकदा डोकावा. टेबलं भरत आली आहेत, माणसं यादी न बघताच ऑर्डर देत आहेत, एखादा एकटा गृहस्थ वर्तमानपत्र वाचत जेवतोय: आत जा. जागा नसेल तर रात्रीचं किंवा उद्या दुपारचं नाव तिथेच नोंदवा. लहान जागांमध्ये प्रत्यक्ष जाऊन नाव देणं फोनपेक्षा सोपं पडतं, भाषेची अडचणही हातवाऱ्यांनी निभते.

ल्योंमध्ये हे कसं करायचं

एक शहर घेऊन हे सगळं करून पाहू. पॅरिसहून तेजेव्हे (TGV) या वेगवान रेल्वेगाडीने दोन तासांवर ल्यों आहे, आणि मला कुणी फ्रान्समध्ये जेवणासाठी एकच शहर निवडायला सांगितलं तर मी ल्यों निवडीन. इथल्या पारंपरिक खानावळीला बुशों म्हणतात. क्रुआ-रूसच्या टेकडीवर रेशीम विणणारे कामगार, कान्यू, पहाटेपासून मागावर बसत आणि सकाळीच भरपेट खात. त्या न्याहारीला माशों म्हणतात. कष्टकऱ्यांना परवडतील असे स्वस्त भाग, आतडी, यकृत, डुकराचं मांस, यातून ही पाककला वाढली. तिला पुढे नेलं ते 'मेर', म्हणजे आया म्हणवल्या जाणाऱ्या स्वयंपाकिणींनी. त्यांतल्या युजेनी ब्राझिए यांना 1933 मध्ये त्यांच्या दोन्ही रेस्टॉरंटसाठी मिशलेंचे तीन-तीन तारे मिळाले, आणि जगप्रसिद्ध शेफ पॉल बोक्यूज त्यांच्याच हाताखाली शिकले.

आता अडचण अशी की 'बुशों' हा शब्द कुणीही दारावर लिहू शकतो. र्यू मेर्सिएर आणि जुन्या ल्योंमधली र्यू सें-जां या दोन रस्त्यांवर तर ओळीने तेच लिहिलेलं असतं. तिथेही चांगल्या जागा आहेत, पण निवडून घ्याव्या लागतात. खुणा दोन. एक म्हणजे 1997 पासूनची पाटी, जिच्यावर न्याफ्रों असतो. ल्योंच्या बाहुली-नाट्यातल्या गिन्योलचा हा दारूवर प्रेम करणारा चांभार मित्र. दुसरी म्हणजे 2012 पासून दिलं जाणारं 'ले बुशों ल्योने' हे लेबल. पाटी नसलेल्याही काही जागा उत्तम असतील, पण पहिल्यांदा जाणाऱ्याने पाटी पाहावी. काफे कोंतुआर आबेल, दानिएल ए दनीज, ल गारे ही नावं जुनी आणि मानाची आहेत. नाव आधी नोंदवल्याशिवाय जाऊ नये. काही बुशों शनिवार-रविवारी बंद असतात, म्हणून ल्योंचा मुक्काम आठवड्याच्या मधल्या दिवसांत ठेवलात तर उत्तम.

आत जागा दाटीची. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, कोपराला कोपर लागेल असं बसणं. वाइन 'पो' मध्ये येते, म्हणजे जाड बुडाच्या 46 सेंटिलिटरच्या बाटलीत, आणि ती बहुधा बोजोले किंवा कोत द्यु रोन या वाइन-प्रदेशांतली असते.

यादी अशी वाचायची. सालाद ल्योनेझ: कडसर पानं, डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे, कुरकुरीत ब्रेड आणि वर पाण्यात सोडून शिजवलेलं मऊ अंडं. अंडं फोडून पानांवर पसरायचं, तोच त्याचा रस्सा. कनेल द ब्रोशे: ब्रोशे नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचं मांस, अंडी, लोणी आणि पीठ घोटून केलेला, भट्टीत फुगलेला लांबट गोळा, भोवती झिंग्याजातीच्या एक्रव्हिसचा नांत्युआ सॉस. मासे खाणाऱ्या कोकण्या-मालवण्या माणसाने हा मागवावाच. फुगलेला कनेल हलका, चमचा टेकला की तुटणारा असावा. घट्ट, पिठूळ लागला तर तो बाहेरून आणलेला. ताब्लिए द सापर म्हणजे गाईच्या पोटाचं अस्तर वाइनमध्ये मुरवून, ब्रेडचा चुरा लावून तळलेलं. आंदुयेत म्हणजे डुकराच्या किंवा वासराच्या आतड्यांचं सॉसेज, त्याचा वास उग्र असतो. सवय नसलेल्याने पहिल्याच दिवशी त्याच्या वाटेला जाऊ नये.

शेवटी सेर्वेल द कान्यू. नावात मेंदू असला तरी हा पूर्ण शाकाहारी पदार्थ: आपल्या चक्क्याला जवळचं ताजं चीज, त्यात बारीक चिरलेला शालोट कांदा, लसूण, पातीसारखं चाइव्ह, तेल, व्हिनेगर, मीठ, मिरी. उकडलेल्या बटाट्याबरोबर किंवा भाजलेल्या ब्रेडवर. क्वचित त्यात व्हाइट वाइन घालतात, तेवढं विचारून घ्या. गोडात गुलाबी साखरेत घोळवलेल्या बदामांचा प्रालीन टार्ट. संध्याकाळचं तीन पदार्थांचं जेवण साधारण अठ्ठावीस ते चाळीस युरोंत होतं.

बुशोंमध्ये जागा मिळाली नाही, तर वेळ पाहून पार-दिऊ स्टेशनजवळच्या पॉल बोक्यूज यांच्या नावाच्या बंदिस्त बाजारात जा. तिथल्या गाळ्यांवरचं पिकलेलं, जवळजवळ वाहणारं सें-मार्सलें चीज आणि ब्रेड हेही एक पूर्ण जेवण आहे. तो बाजार कधी बंद असतो ते मात्र आधी पाहून घ्या.

शाकाहारी आणि गोमांस न खाणाऱ्यांसाठी

पारंपरिक फ्रेंच रेस्टॉरंट शाकाहारी माणसाला अवघड आहे, पण अशक्य नाही. कांद्याचं सूप बहुधा गोमांसाच्या रश्श्यात असतं. सॅलडमध्ये न सांगता लार्दों, म्हणजे डुकराचे तुकडे, येतात. 'मांस खात नाही' एवढंच सांगितलं तर मासा समोर येईल. म्हणून वाक्य पूर्ण बोला: 'ज न मांज नी व्यांद नी प्वासों', मी मांसही खात नाही आणि मासाही. फोनवर फ्रेंचमध्ये लिहून ठेवलेलं दाखवलंत तर आणखी बरं. नाव नोंदवतानाच सांगा, कारण छोट्या स्वयंपाकघराला आयत्या वेळी वेगळं करणं जड जातं.

अंडं आणि दूध चालत असेल तर पर्याय भरपूर. ब्रिटनीचा चीज-अंडं-अळंबी घातलेला गालेत (हॅम नको म्हणून सांगून), प्रोव्हांसचं भाज्यांचं रातातुई, दोफिनेचं साय-बटाट्याचं ग्रातें, सावोआची चीज-फोंद्यू (यात व्हाइट वाइन असते), ओब्राकच्या पठारावरचं बटाटा आणि तोम चीज घोटून केलेलं तारदार आलिगो, भाजलेल्या बकरीच्या चीजचं सॅलड, नीसचा बेसनाचा सोका. सोका चण्याच्याच पिठाचा, लाकडाच्या भट्टीत भाजलेला, घरच्यासारखा वाटेल असा. कडक पाळणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की बहुतेक पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. जैन पद्धतीचं जेवण हवं असेल तर जुन्या खानावळीचा हट्ट न धरता बाजारातून फळं, ब्रेड, लोणी घेणं चांगलं.

मांसाहार करणाऱ्या पण गोमांस टाळणाऱ्यांसाठी हे शब्द पाठ करण्यासारखे आहेत. 'बफ' म्हणजे गाय-बैलाचं मांस, 'वो' म्हणजे वासराचं. पण कित्येकदा हे शब्द न लिहिता नुसता भागच लिहितात: आंत्रकोत, बाव्हेत, ओंग्ले, हे सगळं गोमांस. ब्लांकेत बहुधा वासराची, पो-तो-फ गोमांसाचं, बास्क प्रांतातलं आशोआही वासराचं. उत्तरेकडे बटाट्याचे फ्रीत कधी कधी गाईच्या चरबीत तळतात. निर्धास्तपणे घ्यावं असं म्हणजे पुले (कोंबडी), कानार (बदक), आन्यो (कोकरू), लापें (ससा) आणि मासे. सॉसचा पाया मात्र वासराच्या हाडांचा असू शकतो, तो एक प्रश्न विचारून घ्या. वाइन टाळणाऱ्यांनी कॉक ओ व्हें, बुर्गिन्यों आणि मरेत हे शब्द ओळखून ठेवावेत.

आत गेल्यावर

दारातून शिरताच 'बोंझूर' म्हणा, संध्याकाळी 'बोंस्वार'. न म्हणता टेबलाकडे वळलात तर तो उद्धटपणा समजतात, आणि पुढची सगळी वागणूक तिथे ठरते. टेबल ते दाखवतील. वेटरला 'मस्य' किंवा 'मादाम' म्हणून हाक मारावी.

यादीत 'फोर्म्यूल' म्हणजे दोन पदार्थांचा ठरलेला दर, 'मन्यू' म्हणजे तीन किंवा जास्त पदार्थांचं ठरलेलं जेवण. एकेक पदार्थ निवडायचा तर 'कार्त' मागावी, ती महाग पडते. 'आंत्रे' ही सुरुवात आहे, मुख्य पदार्थ 'प्ला'. काय घ्यावं कळेना तर 'प्ला द्यु जूर', आजचा पदार्थ घ्या. त्याच्यासाठीच सकाळचा बाजार झालेला असतो.

पाण्यासाठी 'युन काराफ दो' म्हणा. नळाचं पिण्याचं पाणी आणि ब्रेड जेवणाबरोबर फुकट द्यावं लागतं. नुसतं 'पाणी' म्हणालात तर विकतची बाटली येऊ शकते. ब्रेडला वेगळी बशी नसते, टेबलावरच ठेवतात. कॉफी गोडानंतर येते, गोडाबरोबर नाही.

घाई करू नका, आणि कुणी तुमची घाई करत नाही म्हणून चिडूही नका. बिल मागितल्याशिवाय आणणं हे गिऱ्हाइकाला उठवणं समजतात. 'लादिस्यों, सिल व्हू प्ले' असं म्हटलं की येतं. दरात कर आणि पंधरा टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं. टिप देणं सक्तीचं नाही, जेवण आवडलं तर दोन-चार युरो टेबलावर ठेवतात. उरलेलं बांधून हवं असेल तर संकोच नको, 2021 च्या जुलैपासून मागणाऱ्याला ते देणं रेस्टॉरंटवर बंधनकारक आहे.

पैसे देताना, गर्दी ओसरली असेल तर, मालकाला तुमच्या पुढच्या मुक्कामाचं नाव सांगा आणि तिथे कुठे जेवावं ते विचारा. या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखून असतात, एखादा जुना सहकारी त्या गावी चूल चालवत असतो. बरेच जण त्याच टेबलाच्या कागदाचा कोपरा फाडून नाव लिहून देतात, आणि तुम्ही मान्य केलंत तर फोन उचलून तिथली जागाही ठरवून टाकतात.